बाभळीच्या मुळातली दोन भोकं

लाकडाच्या आत, अंधारात, दोन भोकं एकमेकांना नेमकी कशी भेटतात, या प्रश्नानं माझे सहा महिने खाल्ले. लोकांना जमिनीचे, भाऊबंदकीचे, मुलांच्या लग्नांचे भारदस्त प्रश्न खातात. मला भोकांनी खाल्लं. पण प्रश्न एकदा चावला की चावला, तेव्हा त्याची प्रतवारी बघत बसता येत नाही.

झालं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत मी फराळाचं ताट समोर घेऊन मोबाइल बघत होतो. कुठल्याशा थंड देशातला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा तंबाखूचा पाईप घडवत होता. जुन्या सिनेमातले श्रीमंत वडील जिना उतरताना तोंडात धरायचे, तोच तो लाकडी पाईप. म्हाताऱ्यानं ठोकळ्याला वरून एक रुंद भोक पाडलं, तंबाखू भरायला. मग बाजूनं एक बारीक लांब भोक पाडलं, धूर यायला. ते बारीक भोक आतल्या आत जाऊन रुंद भोकाच्या बरोबर तळाशी निघालं. जरा वर नाही की जरा खाली नाही. म्हाताऱ्यानं फुंकर मारून दाखवली आणि तो मिशीतल्या मिशीत हसला. मी व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. नेमकं भोकं भेटायच्या वेळी कॅमेरा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे वळत होता.

इथं एक खुलासा करून ठेवतो, कारण पुढे पुष्कळांचा गैरसमज झाला आहे. मी तंबाखूच्या वाटेला जात नाही. ओढत नाही, खात नाही, दातांना लावत नाही. चिखलीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि शाळेच्या फाटकावर तंबाखूविरोधी जे पोस्टर आहे, त्यातला खोकणारा माणूस माझ्या हातचा आहे. तो इतका खरा उतरला आहे की बघणाऱ्याला आपल्याच छातीत खवखवतं. त्या पोस्टरवर खूश होऊन आमचे मुख्याध्यापक रामराव यांनी आपल्या खिशातला काळा, जाडजूड, जुन्या पद्धतीचा शाईचा पेन मला भर सभेत बक्षीस दिला होता. आठवड्यातून एकदा तरी ते विचारतात, वायाळ सर, पेन कसा चालतो? पेन गळतो. पण बक्षिसाविषयी असं बोलायचं नसतं.

तेव्हा मला पाईप ओढायचा नव्हता. मला तो करायचा होता. हा फरक चिखलीत समजावून सांगणं सोपं नाही. आमच्या घरात तर अजिबातच नाही.

माझी बायको कोकिळा हिला प्रश्न पडत नाहीत. तिला उत्तरं माहीत असतात. पाईपचा विषय काढताच तिनं उत्तर म्हणून मला मागच्या खोलीत नेलं आणि नुसतं बोट फिरवलं. पाच भोकांपर्यंत आलेली बासरी. अर्ध्यापर्यंत विणलेली खुर्ची, जिच्यावर अर्ध्यानंच बसता येतं. मासे आणायचे राहून गेलेली काचपेटी. दोरा न सापडलेला चरखा. याच खोलीवर शेजारच्या बेबीताईंचा डोळा होता. त्या बचत गटाच्या अध्यक्ष, आणि गटानं शेवयांचं मशीन मागवलेलं होतं. मशीन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला येणार, आणि ते ठेवायला आमची मागची खोली त्यांच्या मते देवानंच बांधली होती.

कोकिळेनं त्या दिवशी गालाला लवंगेची पुरचुंडी दाबून धरली होती. तिची उजवीकडची दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरनं रूट कॅनलच्या तीन फेऱ्या सांगितल्या होत्या. दोन झाल्या होत्या, आणि तिसरीला "जाऊ ना, काय घाई हाय" असं चाललं होतं. गाल तसाच धरून तिनं शांतपणे निकाल दिला.

"आखाजीपर्यंत एक वस्तू पुरी करून दाखवा. अन् तुम्ही सोडून दुसऱ्या कोन्या मानसानं ते वापरली पाह्यजे. नाई त खोली मशीनची."

मी अट मान्य केली. मला तेव्हा पहिला अर्धा भाग अवघड वाटला होता आणि दुसरा सोपा. माणूस उगाच फसत नाही.

पाईपला लाकूड लागतं ते मुळाचं. म्हातारा जे लाकूड वापरत होता ते आपल्याकडे होत नाही, पण बाभळीचं मूळ विस्तवाला दाद देत नाही, असं सगळे म्हणतात. मेहकरच्या बाजूला एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि कडेच्या जुन्या बाभळी आडव्या पडल्या होत्या. मला हवा होता ओंजळीत मावेल एवढा तुकडा. कुऱ्हाड घेऊन गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. पण मी शिक्षक. विचारून घ्यायची खोड. एका कचेरीत कळलं की झाड उभं असेपर्यंत आमचं, आडवं झालं की लिलावाचं. लिलाव घेणारा म्हणाला, मी खोड घेतलं आहे, मूळ घेतलेलं नाही. दुसऱ्या कचेरीतल्या सज्जन बाईंनी बराच विचार करून सांगितलं की मूळ जमिनीखाली असल्यानं तो भाग तिसऱ्या कचेरीचा. तिसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि अर्ज करायला सांगितलं. अर्जात उद्देश स्पष्ट लिहा, म्हणाले.

मी स्पष्ट लिहिला. सुवाच्य अक्षरात लिहिला, कारण फळ्यावरचे सुविचार शाळेत मीच लिहितो. "विषय: तंबाखू ओढण्याचे लाकडी साधन हाताने तयार करण्याकरिता बाभळीच्या मुळाचा लहान तुकडा मिळणेबाबत." खाली नाव, हुद्दा आणि शाळेचा पत्ता.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. माझ्याकडे नव्हे, शाळेकडे. वर शेरा होता, "अर्जदार आपल्या आस्थापनेवरील असल्याने योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर."

रामरावांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर अर्ज होता आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून माझा खोकणारा माणूस पाठमोरा दिसत होता. त्यांनी मला बरंच ऐकवलं. शाळेची प्रतिमा, विद्यार्थ्यांपुढचा आदर्श, आणि मी दिलेला पेन आता तुमच्या हाती शोभतो का, इथपर्यंत गाडी आली. माझी मान खाली गेली. तिसावं वर्ष नोकरीचं, आणि आजवर माझ्यावर एकच ठपका होता, तोही खडू जास्त वापरल्याचा. शेवटी मी हिय्या करून कागद ओढला आणि त्यांना दोन भोकांची आकृती काढून दाखवली. रामराव बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "पन सर, आतमधी भेटतात कशे ते?"

पुढे हे असंच होत गेलं. माणूस आधी नाक मुरडायचा, मग चिडायचा, आणि चहा संपेपर्यंत आकृतीवर वाकून हाच प्रश्न विचारायचा. पोस्टमननं विचारला. दूधवाल्यानं विचारला. बेबीताईंनी तर विचारून वर उत्तरही दिलं, की लांब खिळा तापवून घाला. अख्ख्या गल्लीत हा प्रश्न न विचारणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या घरात राहत होतं. मला त्याचं वाईट वाटायचं. बढती-बिढतीचं मला कधी काही वाटलं नाही. पण तिनं एकदा वाकून कागदाकडे बघावं असं फार वाटायचं.

मुळाचा प्रश्न माझ्या सासूबाईंनी सोडवला. सुभद्राबाई धामणगाव बढ्याला असतात, वय पंच्याहत्तरच्या वर, आणि सरकार मध्ये न घालता कामं करायची त्यांची पद्धत आहे. फोनवर म्हणाल्या, आपल्याच बांधावरची बाभूळ मागच्या वादळात उन्मळली, मूळ वर करून पडली हाय, येऊन घेऊन जा. मी त्याच रविवारी गेलो. मूळ चांगलं मांडीएवढं निघालं, चारी बाजूंना फाटे फुटलेलं. त्यांनी ते पोत्यात घालून दिलं आणि निघताना माझ्या हातात फडक्याची एक गाठोडी कोंबली. भुईरिंगणीच्या वाळल्या बिया होत्या. कोकिळेच्या दाढेले धुरी द्या म्हनजे कीड गळून पडते, म्हणाल्या. मी हो हो म्हणून गाठोडी खिशात टाकली, आणि घरी आल्यावर ती मागच्या खोलीतल्या हत्यारांच्या खणात गेली. तिथं गेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते मघाशी सांगितलंच आहे.

एसटीत पोत्यातून मुळाचे दोन फाटे बाहेर आले होते. कंडक्टरनं बराच वेळ त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. लगेज म्हणून तिकीट फाडावं तर ते सीटवर बसलेलं. शेवटी म्हणाला, "याले हात-पाय हायेत गुरुजी. अर्ध तिकीट घ्या." मोताळ्याला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं ते गुडघेदुखीवरचं औषध समजून तुकडा मागितला. बुलढाण्याला गाडी बदलताना मागच्या बाईनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, की चेहऱ्यावरून असा वाटत नाही, पण करणीचं सामान आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. शिक्षकानं अशा वेळी खिडकीबाहेरच पाहावं.

मूळ कापून ठोकळे केले, बारा झाले. ते दिवसभर उकळावे लागतात, म्हणजे लाकडातला चीक निघून जातो. मी अंगणात तीन दगड मांडून लग्नातल्या हंड्यात उकळायला ठेवले. दुपारपर्यंत पाणी लालभडक झालं. बेबीताई कुंपणावरून वास घेत आल्या आणि म्हणाल्या, हे त हिरड्यावरचं औषध हाय, फेकता काय? संध्याकाळपर्यंत अंगणात बाटल्यांची रांग लागली. लाकडाचं काय होईल ते होवो, पण सर, पाणी मात्र पुन्हा कधी काढणार, असं लोक जाताना विचारून गेले. कोकिळेनंही चार दिवस गुळण्या केल्या. दाढ जराशी थांबली. त्यामुळे तिसरी फेरी आणखी पुढे गेली.

मग वाळवणं. म्हाताऱ्याच्या देशात ठोकळे दोन वर्षं वाळवतात. माझ्याकडे चार महिने होते. बेबीताईंच्या सल्ल्यानं मी ते गव्हाच्या कोठीत पुरले. धान्य ओल हळूहळू ओढून घेतं आणि लाकडाला तडा जात नाही. सल्ला खरोखर चांगला होता, हे मी आजही कबूल करतो. फक्त मी तो कोकिळेला कळवायचा विसरलो. तिनं कोठीतून डबा भरला आणि गिरणीत पाठवला. गिरणीवाला कडूबा दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला. त्याच्या हातात माझा ठोकळा होता, एका अंगानं पिठासारखा गुळगुळीत झालेला. मशीनमधून असा आवाज आला की तो दुकानाबाहेर पळाला होता. चाळीस वर्षांत गव्हात खडे निघाले, खिळे निघाले, एकदा नथ निघाली, पण झाड निघालं नव्हतं, असं त्यानं कोकिळेला ऐकवलं. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन आकृती मात्र मागितली.

त्यानंतर आमच्याकडे दोन दिवस बाजरी होती, आणि बोलणं तेवढ्यास तेवढं.

उन्हाळा लागला तशी मी भोकं पाडायला घेतली. पहिल्या ठोकळ्यात बारीक भोक रुंद भोकाच्या शेजारून निघून गेलं, ओळख न देता. दुसऱ्यात खालून बाहेर पडलं. तिसऱ्यात ते इतकं वर निघालं की तंबाखू भरली असती तर धुराआधी तीच तोंडात आली असती. चौथ्यात दोन्ही भोकं भेटली, पण त्या आनंदात ठोकळा उभा चिरला. पाचवा, सहावा, सातवा यांच्याबद्दल मी बोलणार नाही. कोकिळेनं त्यातला एक उचलून देवघरात उदबत्तीला लावला. मी आशेनं म्हणालो, हे झालं की वापरणं. ती म्हणाली, "हे वस्तू नाई, हे चूक हाय. वस्तू दाखवा."

आखाजीला बारा दिवस उरले तेव्हा मी वाहेदभाईंकडे गेलो. वाहेदभाई खरादी, म्हणजे चाकावर लाकूड कातणारे. धान्यबाजाराच्या मागे त्यांचं छोटं दुकान आहे. बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, पोरांचे भवरे, अशी त्यांची तीन पिढ्यांची खराद. त्यांनी देवघरातल्यासकट माझे सातही मेलेले ठोकळे एकेक करून उजेडाला धरले. डॉक्टरनं जुने रिपोर्ट पाहावेत तसे पाहिले. मग मला विचारलं की मी भोक पाडताना कुठं बघतो. मी म्हणालो, गिरमिटाच्या टोकाकडे.

"ते टोक आतमधी गेल्यावर?"

मी एक ठोकळा उचलून भोकाला डोळा लावला.

"सर, हे काम डोयाचं नाई. डोये आत जाते का? आमचे दादा हुक्क्याच्या नळ्या करत. ते आधी बारीक भोक पाडत. त्यात तार घालत, अन् तारेचं बाहेरचं टोक दातात धरत. मंग वरून गिरमिट हळूहळू. तारेले लागलं का दाताले समजते."

सहा महिने मी ज्याच्यासाठी अकरा वेळा, मग एकशे अकरा वेळा बर्फ पाहिला, ते उत्तर माझ्या घरापासून सायकलनं सात मिनिटांवर होतं. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. मी म्हणालो, मग धरा ना तार. वाहेदभाईंनी तोंड उघडून दाखवलं. वरती एक दात, खालती एक, आणि दोघांची आयुष्यात गाठ नव्हती. म्हणाले, "माह्यं समजनारं सामान गेलं. तुम्ही धरा. लागलं का बोलू नका, हात वर करा."

तेव्हा चिखलीच्या भर बाजारात, उघड्या दुकानात, मी वाकून सायकलची तार दातात धरली आणि वाहेदभाई वरून गिरमिट फिरवू लागले. रस्त्यानं जाणारे थांबू लागले. आमच्या शाळेतल्या पालक समितीचे दोन सदस्य थांबले. मला नमस्कार करता येईना, कारण तोंडात तार, आणि हात वर केला तर गिरमिट थांबणार. मी डोळे मिटून घेतले. आणि डोळे मिटल्यावरच ते झालं. दातात अगदी बारीक, मुंगी चालल्यासारखी थरथर आली. मी हात वर केला. वाहेदभाईंनी जवसाच्या दाण्याइतकं आणखी खाली नेलं आणि गिरमिट काढलं. मी तार ओढली, भोकाला तोंड लावलं, फुंकर मारली. वरून लाकडाचा भुसा उडून वाहेदभाईंच्या दाढीवर बसला. त्यांनी तो झटकलाही नाही. दोघंही त्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्यासारखे हसत होतो.

पुढचं घडवणं, घासणं, जवसाच्या तेलात मुरवणं मी घरी केलं. दांडी कशाची करावी हा पेच वाहेदभाईंनी माझ्या खिशाकडे बघून सोडवला. तुमचा पेन प्लास्टिकचा नाही, म्हणाले, जुन्या काळचं इबोनाइट, म्हणजे कडक रबर आहे, पाईपच्या दांडीला याच्यासारखं दुसरं नाही. मला क्षणभर रामराव आठवले. मग पेन दिला. सोमवारी रामरावांनी नेहमीप्रमाणे विचारलं, तेव्हा मी मोठ्या खरेपणानं सांगितलं, की आता अजिबात गळत नाही.

पाईप झाला. मी स्वतः केलेला म्हणून सांगत नाही, सुरेख झाला. बाभळीची लाल-काळी रेघ वाटीभोवती गिरकी घेऊन खाली उतरली होती. सहा दिवस राहिले होते आणि आता फक्त कोणीतरी तो वापरायचा होता.

इथं मला अटीचा दुसरा अर्धा भाग समजला. चिखलीत पाईप ओढणारा माणूस नाही. मठाजवळच्या एका चिलीमवाल्या बाबांना दाखवला, तर त्यांनी तो उलटासुलटा करून परत दिला. एवढ्याशा वाटीत काय होतं, म्हणाले. निवृत्त झालेले एक साहेब पूर्वी ओढायचे असं कळलं, पण त्यांनी पाईप हातात घेताच आतून त्यांच्या सूनबाई आल्या आणि साहेबांनी तो माझ्या हातात दिला. खरं सांगायचं तर मलाही जड जात होतं. ज्या माणसानं फाटकावर खोकणारा माणूस काढला, त्यानं दारोदार जाऊन भल्या माणसांना 'एकदा ओढून बघा' म्हणायचं, हे जमेना. तिसऱ्या दारातून मी न विचारताच परत आलो. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुकाट्यानं मागची खोली रिकामी करायला घेतली. बासरी, खुर्ची, काचपेटी, चरखा. एकेक वस्तू बाहेर ठेवताना प्रत्येकीच्या वेळी आपण किती उत्साहात होतो ते आठवत होतं, आणि ते काही बरं वाटत नव्हतं.

त्याच सकाळी कोकिळेची दाढ उसळली. गाल आंब्याएवढा झाला, डोळ्यातून पाणी थांबेना. डॉक्टरला फोन लावला तर तो लग्नाला जालन्याला, सणानंतर येणार. दुसरा दवाखाना बंद. गोळीनं काही होईना. मी नुसता आत-बाहेर करत होतो. भांडणात ती समोर असावी लागते, पण अशी कण्हत असलेली मला बघवत नाही.

अशात सुभद्राबाई आल्या. आखाजीला लेकीला माहेरी न्यायला दर वर्षी येतात. हातात आंब्यांची पिशवी होती, ती त्यांनी दारातच ठेवली. लेकीचा गाल पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"जवाईबापू, म्या रिंगनीच्या बिया देल्या होत्या. कुठी हायेत?"

मी हत्यारांच्या खणाकडे धावलो. गाठोडी जशीच्या तशी होती. माझ्या अर्धवटपणाचा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उपयोग झाला. सुभद्राबाईंनी बिया तुपात घोळवल्या, निखारा मागितला आणि मग पपईच्या पानाचा देठ मागितला, धूर तोंडात ओढायला. आमच्या कॉलनीत पपईचं झाड कुठलं? त्या इकडे तिकडे बघत असताना त्यांना खिडकीत ठेवलेला पाईप दिसला. त्यांनी तो उचलला, दांडीतून फुंकून बघितलं, वाटीत बोट घालून तळ चाचपला.

"हे त बेस हाय," त्या म्हणाल्या. "कोनं केलं?"

त्यांनी वाटीत निखाऱ्याचा खडा टाकला, वर बिया टाकल्या आणि पाईप लेकीच्या हातात दिला. धूर गिळू नको, दाढेपाशी धर, अन् लाळ गळू दे. कोकिळेनं पाईपकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्या वेळी काय काय होतं ते मी मांडू शकत नाही, पण दुखणं त्यात तिसऱ्या क्रमांकावर होतं. तिनं पाईप तोंडात धरला आणि ओढला.

धूर आला. सरळ, सारखा, न अडखळता आला. मी चित्रकलेचा माणूस, पण आयुष्यात इतकी चांगली रेघ पाहिली नव्हती.

नेमक्या त्याच वेळी खोलीचं माप घ्यायला बेबीताई टेप घेऊन दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं: बचत गटाच्या सचिव कोकिळाबाई वायाळ पाटावर बसून, गाल फुगवून, पाईप ओढत आहेत, समोर लाळ गळायला तसराळं आहे आणि आई पाठ थोपटते आहे. टेप बेबीताईंच्या हातातून सुटून सर्रकन आत गेली. मला शंभर वाक्यं सुचली होती. मी एकही बोललो नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढा संयम मी दुसऱ्यांदा कधी दाखवला असेल तर मला आठवत नाही.

अर्ध्या तासानं कळ जरा ओसरली. कोकिळेनं तोंड पुसलं, पाईप पाटावर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "खोली राहू द्या तुमची." बेबीताईंनी मशीन स्वतःच्या बैठकीत ठेवलं. त्यांचा टीव्ही त्यामुळे स्वयंपाकघरात गेला. त्याबद्दल त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी आपल्या सासूबाईंच्या दाढेसाठी पाईप मागायला आल्या.

सण झाल्यावर मी कोकिळेला डॉक्टरकडे नेलं. रूट कॅनलची तिसरी फेरी. घरात अर्धवट राहिलेली सगळ्यात जुनी गोष्ट ती होती, हे मी म्हणालो नाही, पण रिक्षात तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटल्यासारखंच झालं. डॉक्टरनं सांगितलं की कीडबीड काही पडत नसते, धुरानं घटकाभर बरं वाटलं असेल एवढंच, आणखी आठवडा थांबला असतात तर दाढ काढावी लागली असती. मग त्यानं दाढेला वरून भोक केलं, केसासारखी बारीक तार आत सोडली, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी तळ शोधू लागला. मी खुर्चीतून उठून इतका जवळ गेलो की त्यानं मला बाहेर बसायला सांगितलं.

घरी आलो. तिचा अर्धा चेहरा बधिर होता. ती सोफ्यावर बसली, मी पाणी आणून दिलं, तिनं अर्धं प्यायलं आणि अर्धं सांडलं. पाईप तिथंच टेबलावर होता. तिनं तो हातात घेतला, वाटीत डोकावून बघितलं, मग दांडीतून. एक डोळा मिटून पुन्हा वाटीत बघितलं. बराच वेळ तसाच फिरवत बसली.

"अहो," ती जड जिभेनं म्हणाली, "डॉक्टरनं तार घातली तवापासून इचार करून राह्यले मी. हे दोन भोकं आतमधी भेटले कशे?"

मी तिला मागच्या खोलीत नेलं. उरलेल्या ठोकळ्यांतला एक शिकंजात बसवला, बारीक भोक आधीच पाडलेलं होतं, त्यात सायकलची तार सरकवली आणि बाहेरचं टोक तिच्यासमोर धरलं. डाव्या बाजूच्या दातांत धर म्हटलं, चांगल्या बाजूच्या. लागलं की बोलू नको, हात वर कर. तिनं पदर खोचला, वाकली आणि तार दातात धरली. मी गिरमिट हळूहळू फिरवू लागलो. बाहेर बेबीताईंच्या बैठकीत मशीन घरघरत होतं. कोकिळेनं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं तिच्या कपाळावरची आठी गेली आणि तिनं हात वर केला.